रस्त्यावर बोलला तर हिरो, सेटबद्दल बोलला तर कृतघ्न?

मधली_रांग

काल रात्री झोप येत नव्हती म्हणून ब्लॅक ब्रिटिश अभिनेता जॉन बोयेगाचं हाइड पार्कमधलं भाषण परत बघितलं. ३ जून २०२०, लंडन, अमेरिकेत पोलिसाने केलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतरचा मोर्चा. हातात मेगाफोन, आवाज फाटतोय, मध्येच रडू फुटतंय आणि त्यातच तो म्हणतो की यानंतर माझं करियर राहील की नाही मला माहीत नाही, पण गेलं खड्ड्यात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं होतं की भावनेच्या भरात बोलला असेल. स्टार वॉर्ससारख्या एवढ्या मोठ्या सिरीजचा हिरो, याचं करियर कोण काय घालवणार.

आणि खरंच काही तासांत सगळीकडून कौतुक सुरू झालं. स्टार वॉर्स बनवणाऱ्या लुकासफिल्मने अधिकृतपणे लिहिलं की जॉन, तू आमचा हिरो आहेस. त्याचा सहकलाकार मार्क हॅमिलने बापाच्या मायेने लिहिलं. जे. जे. अब्राम्ससारख्या दिग्दर्शकांनी सांगितलं की काम आम्ही देऊ, काळजी करू नकोस. वाचून बरं वाटलं होतं तेव्हा.

पण मला बोलायचंय ते त्याच्या पुढच्या तीन महिन्यांबद्दल. सप्टेंबर २०२० मध्ये त्याची जीक्यू मासिकात मुलाखत आली आणि त्यात तो रस्त्यावरच्या पोलिसांबद्दल नाही तर थेट त्याच्या स्वतःच्या सिनेमांबद्दल बोलला. लुकासफिल्मची मालक कंपनी डिस्नेला उद्देशून म्हणाला की ब्लॅक पात्र आणायचं, ते फार महत्त्वाचं आहे अशी जाहिरात करायची आणि मग त्याला बाजूला सारायचं हे करू नका. गोऱ्या कलाकारांच्या पात्रांचं काय करायचं ते तुम्हाला बरोबर कळलं, माझं आणि आशियाई वंशाच्या केली मरी ट्रॅनचं काय करायचं ते कळलं नाही, असंही म्हणाला. सेटवरचे लहान लहान अनुभव सांगितले, त्याच्यासारखे केस कधी हाताळलेच नाहीत असा हेअरड्रेसर मिळाला वगैरे.

आणि या वेळी लोकांचा सूर वेगळाच! मी तेव्हा दोनतीन ग्रुपांवर वाचत होते. "एवढे पैसे घेतले तेव्हा नाही का बोलला", "ज्या हाताने खाल्लं त्यालाच चावतोय", "स्क्रिप्ट वाईट होती, त्यात रंग कुठून आला", "आता काम मिळत नाही म्हणून रडतोय". जूनमध्ये ज्यांनी त्याचा फोटो डीपीला लावला होता त्यातलेच काही होते हो. नावं ओळखीची होती म्हणून लक्षात राहिलं.

तेव्हापासून मनात आहे की समाजातल्या वर्णद्वेषाबद्दल कलाकार बोलला की आपल्याला तो आवडतो, कारण ते बाहेरचं असतं, दूरचं असतं. तोच माणूस आपल्या आवडत्या सिनेमाकडे बोट दाखवतो तेव्हा ते आपल्याला लागतं. मग तो खरं बोलतोय की खोटं हे बघायच्या आधीच तो कृतघ्न ठरतो. तुम्हाला काय वाटतं? हॉलिवूड, ब्रिटिश सिनेमा, जुनं नवं कुठलंही उदाहरण चालेल. शिवीगाळ नको, एवढीच विनंती.

निळी_शाई

अगदी मनातला विषय काढलात. बोयेगाच्या बाबतीत तर हे पहिल्या दिवसापासून होतं. नोव्हेंबर २०१४ ला फोर्स अवेकन्स या त्याच्या पहिल्या स्टार वॉर्स सिनेमाचा पहिला टीझर आला त्यात पहिलाच शॉट आठवा, सगळं वाळवंट आणि एकदम खालून फ्रेममध्ये येणारा घामेजलेला चेहरा, अंगावर स्टॉर्मट्रूपरचं, म्हणजे त्या गोष्टीतल्या सैनिकाचं पांढरं चिलखत, धापा टाकतोय. एवढंच. पात्राचं नाव कळायच्या आत नेटवर सुरू झालं की ब्लॅक स्टॉर्मट्रूपर कसा असेल, ते तर सगळे क्लोन, म्हणजे एकाच माणसाच्या नकला आहेत. मला यातली गंमत नाही, दुःख वाटतं, कारण ज्या जँगो फेटचे ते क्लोन आहेत त्याची भूमिका टेमुएरा मॉरिसनने केली आहे आणि तो न्यूझीलंडचा माओरी कलाकार आहे. म्हणजे मूळ माणूसही गोरा नव्हता. शिवाय बोयेगाच्या पात्राच्या, म्हणजे फिनच्या काळात ते क्लोन नाहीतच, लहानपणी उचलून नेलेली मुलं आहेत. ज्यांना गोष्टीतला एकेक बारकावा पाठ असतो त्यांनी हा आक्षेप घेतला हे विशेष.

बोयेगा तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्याने इन्स्टाग्रामवर चाहत्यांचे आभार मानले आणि बाकीच्यांना सांगितलं, सवय करून घ्या. मग २०१५ मध्ये बहिष्काराचा हॅशटॅग निघाला आणि सिनेमा यायच्या सुमारास चीनमधलं पोस्टर आलं त्यात हाच माणूस आकाराने लहान केलेला. ऑस्कर आयझॅक आणि लुपिता न्योंगो तर त्यातून गायबच. ते पोस्टर चाहत्यांनी नव्हतं बनवलं ना, म्हणून २०२० मध्ये तो बोलला ते अचानक नव्हतं, सहा वर्षांचं साठलेलं होतं.

सहज_सुचलं

मी जरा वेगळं मत मांडतो, रागावू नका.

मला स्वतःला बोयेगाचे ते तीनही स्टार वॉर्स सिनेमे विस्कळीत वाटले. दिग्दर्शक बदलले, गोष्ट मध्येच फिरवली, फिनचंच नाही तर बऱ्याच पात्रांचं वाटोळं झालं. पो डॅमरॉनला तरी काय मिळालं? मग वाईट लेखनाला वर्णद्वेष म्हणायचं का? प्रत्येक तक्रारीला हे लेबल लावलं तर खऱ्या वर्णद्वेषाची धार जाते असं माझं मत आहे. दुसरं म्हणजे प्रेक्षक म्हणून मी तिकीट काढून गोष्ट बघायला जातो, कलाकाराच्या आणि स्टुडिओच्या भांडणात मी कुणाची बाजू घ्यावी अशी अपेक्षा का? मी बोयेगाला शिव्या दिल्या नाहीत पण मला त्याचं पटलंही नव्हतं, मी पण कृतघ्न म्हणणाऱ्यांत धरला जाणार का?

मधली_रांग

सहज_सुचलं, नाही धरणार, तुम्ही नीट लिहिलंय. आणि लेखन वाईट होतं हे मलाही मान्य आहे.

पण पो डॅमरॉन म्हणजे ऑस्कर आयझॅक, ग्वाटेमालात जन्मलेला, चीनच्या पोस्टरवरून गायब झालेला, म्हणजे तुम्ही दिलेलं उदाहरण माझ्याच बाजूला पडतंय बघा. लेखन वाईट असलं की काही पात्रं तरी सावरली जातात आणि काही पहिल्यांदा सोडून दिली जातात. कोणती सावरली जातात हा प्रश्न बोयेगा विचारत होता. गोष्ट फसली हे उत्तर त्याला पुरत नाही.

उजेडवाला

मी लाइटिंगच्या कामात आहे, बरीच वर्षं. केसांबद्दल वर लिहिलंय त्यावरून आठवलं म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

लोकांना वाटतं वर्णद्वेष म्हणजे कुणीतरी कुणाला तरी वाईट बोलणं. सिनेमात तो फिल्मच्या रिळातच होता. कोडॅक लॅबना एक संदर्भाचं कार्ड पाठवायची, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो, पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला शर्ली कार्डच म्हणायचे. प्रिंट काढताना त्या बाईची त्वचा बरोबर दिसली की रंग बरोबर आले असं धरायचे. मग त्याच फ्रेममध्ये सावळा किंवा काळा माणूस असला तर चेहऱ्याच्या जागी फक्त डोळे आणि दात दिसायचे, गालाचं हाड, कपाळावरची शीर, सगळं एका काळ्या डागात बुडालेलं. वर्गाचा एकत्र फोटो काढला की ब्लॅक मुलांच्या आया तक्रार करायच्या. कंपनीने मनावर कधी घेतलं माहितीये? चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी तक्रार केली तेव्हा! आमचं डार्क चॉकलेट आणि मिल्क चॉकलेट फोटोत सारखंच दिसतं, लाकडाच्या रेषा दिसत नाहीत, असं ते म्हणाले. मग फिल्म सुधारली आणि त्याचा फायदा माणसांच्या चेहऱ्यांना झाला.

मी हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी खूप अस्वस्थ होतो. कारण मी शिकलो तेव्हा मलाही उस्तादांनी हेच सांगितलं होतं की डार्क स्किनला लाइट जास्त मारायचा, बस. ते चूक आहे. जास्त लाइट मारला की मागची भिंत जळते आणि चेहरा सपाट होतो. काळी त्वचा लाइट परत फेकते, तिला कडेने मोठा मऊ बाउन्स (उसळून आलेला प्रकाश) द्यायचा म्हणजे त्याचं प्रतिबिंब त्वचेवर येतं, गालाची गोलाई दिसते. इनसिक्युअर या सिरीजची कॅमेरावुमन अवा बर्कोफस्की हिने २०१७ मध्ये हे सगळं उघडपणे समजावून सांगितलं होतं, मेकअपखाली मॉइश्चरायझर लावून त्वचेला चमक ठेवायची वगैरे. मी करून बघितलं, फरक दिसतो, माझ्या कॅमेरामनने मॉनिटरवर बघून मला हाक मारली होती.

तर सांगायचं असं की कलाकार जेव्हा म्हणतो माझे केस कुणाला हाताळता आले नाहीत, किंवा अभिनेत्री म्हणते मला माझा फाउंडेशन बॅगेत घालून सेटवर न्यावा लागतो (हे बऱ्याच जणींनी सांगितलंय), तेव्हा लोक म्हणतात किती बारीक सारीक गोष्टींचं भांडवल करतात. ती बारीक सारीक गोष्ट नाही. तुम्ही सकाळी सहाला मेकअपच्या खुर्चीत बसलात आणि समोरच्याकडे तुमच्या रंगाची डबीच नाही, म्हणजे तुम्ही येणार हे कुणी धरूनच चाललं नव्हतं. आणि त्यानंतर तासाभरात तुम्ही कॅमेऱ्यासमोर हसायचं.

निळी_शाई

उजेडवाला, चॉकलेटचं मला माहीतच नव्हतं. दोनदा वाचलं.

कोरा_कागद

चर्चा छान चाललीये. मी जुन्याकडे नेतो.

२७ मार्च १९७३, ऑस्कर. गॉडफादरसाठी मार्लन ब्रँडोचं नाव पुकारलं आणि त्याच्या जागी सशीन लिटलफेदर ही सव्वीस वर्षांची तरुणी मंचावर आली. कातड्याचा पारंपरिक पोशाख, हातात ब्रँडोने लिहून दिलेली कितीतरी पानं. रॉजर मूर ऑस्करची बाहुली पुढे करतो आणि ती फक्त तळहात वर करते, नको. वाक्य नाही, आवाज नाही, नुसता हात. भाषण वाचायला वेळ देणार नाही असं तिला आधीच सांगितलेलं होतं म्हणून मिनिटभरात तिने शांतपणे सांगितलं की सिनेमा मूळनिवासी अमेरिकनांना जसं दाखवतो त्यासाठी आणि वुंडेड नी या गावी मूळनिवासींचं जे आंदोलन चाललंय त्यासाठी ब्रँडो हा पुरस्कार नाकारतोय. सभागृहातून हुर्यो आली, टाळ्याही आल्या, दोन्हीचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये एकमेकांत मिसळलाय. ती क्षणभर खाली बघते. नंतर त्याच रात्री क्लिंट ईस्टवूडने वेस्टर्न सिनेमांत मेलेल्या काउबॉइजवरून विनोद केला.

ऑस्कर देणाऱ्या अकादमीने तिची माफी मागितली २०२२ मध्ये. एकोणपन्नास वर्षांनी! आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती गेली.

मधली_रांग यांच्या मुद्द्याला हे बरोबर लागू पडतं. ब्रँडोने मंचावर कुणाला न पाठवता हेच पत्र नुसतं वर्तमानपत्रात छापलं असतं तर लोक म्हणाले असते थोर माणूस. त्यांच्याच मंचावर, त्यांच्याच सिनेमांबद्दल बोललं म्हणून झोंबलं.

सहज_सुचलं

कोरा_कागद, पण एक गोष्ट राहिली. ती गेल्यानंतर तिच्या बहिणींनीच सांगितलं ना की आपलं घराणं मूळनिवासी नाहीच. ते का नाही लिहिलंत?

कोरा_कागद

लिहायला हवं होतं, चूक मान्य. हो, तिच्या बहिणींनी तसं सांगितलं आणि त्यावर अजून वाद आहे. मला ते वाचून खूप त्रास झाला होता, कारण ती क्लिप मी अनेकांना दाखवली आहे. पण माझं मत असं की सभागृहात ज्यांनी हुर्यो केली त्यांना तिच्या घराण्याबद्दल काही माहीत नव्हतं. त्यांच्या दृष्टीने ती मूळनिवासी बाईच होती आणि तसं धरूनच त्यांनी हुर्यो केली. तिच्याबद्दल जे काही खरं असेल ते असो, त्या मिनिटात सभागृहाने स्वतःबद्दल जे दाखवलं ते बदलत नाही.

निळी_शाई

आणि त्याही मागे हॅटी मॅकडॅनियल. फेब्रुवारी १९४० मध्ये गॉन विथ द विंडसाठी ऑस्कर मिळवणारी पहिली ब्लॅक कलाकार. समारंभ ज्या हॉटेलात होता तिथे ब्लॅक लोकांना प्रवेश नव्हता, निर्मात्याला खास परवानगी काढावी लागली आणि तिला बसवलं कुठे तर भिंतीकडच्या वेगळ्या टेबलावर, सिनेमातल्या बाकीच्या कलाकारांपासून लांब. ती उठून मंचावर गेली आणि आपण आपल्या समाजाला भूषण ठरू अशी आशा आहे असं म्हणाली. तिच्यानंतर अभिनयाचं ऑस्कर मिळवणारी पुढची ब्लॅक बाई कोण? व्हूपी गोल्डबर्ग, १९९१. एक्कावन्न वर्षं.

हॅटी सेटबद्दल उघड फारसं बोलली नाही, मिळेल ते काम केलं, मोलकरणीच्या भूमिका केल्या. तर तिच्यावर टीका आपल्याच माणसांकडून झाली, नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेतल्या लोकांकडून, की या भूमिका का घेतेस. बोलली नाही तरी शिव्या. १९५२ मध्ये गेली तर तिला ज्या दफनभूमीत जायचं होतं तिने नकार दिला.

घासफूस

वर निळी_शाई म्हणतात ना बोलली नाही तरी शिव्या, त्यावर ब्लॅक ब्रिटिश अभिनेता इद्रिस एल्बाचं उदाहरण द्यावंसं वाटतं कारण तो दोन्हीकडून गेलाय. जानेवारी २०१६ ला त्याने ब्रिटिश संसदेत खासदारांसमोर भाषण केलं, सांगितलं की मी अमेरिकेला गेलो कारण इथे मला मित्राची नाहीतर टोळीच्या म्होरक्याची भूमिका यापलीकडे काही मिळेना. सगळ्यांनी वाहवा केली. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये मुलाखतीत म्हणाला की मी स्वतःला ब्लॅक अभिनेता म्हणणं सोडलंय, त्या शब्दाने मी एका चौकटीत अडकतो. झालं, आता दुसऱ्या बाजूचे तुटून पडले. समाजाला विसरला, गोऱ्यांना खूश करतोय. त्याला परत खुलासा करावा लागला.

मला हे फार अन्यायाचं वाटतं. गोऱ्या अभिनेत्याला कुणी विचारतं का की तू स्वतःला गोरा अभिनेता म्हणवतोस का? त्याला भूमिकेबद्दल विचारतात, दिग्दर्शकाबद्दल विचारतात. याला मात्र प्रत्येक मुलाखतीत एक प्रश्न ठेवलेलाच, आणि उत्तर काहीही दिलं तरी बातमी होणार. बोलण्याचा हक्क मागतो तसा गप्प बसण्याचाही हक्क असायला हवा ना. फक्त सिनेमाबद्दल बोलून घरी जाण्याचा.

तसंच अमेरिकन अभिनेता सॅम्युएल जॅक्सन आणि ब्रिटिश अभिनेता डॅनियल कलूयाचं झालं २०१७ मध्ये. कलूया नायक असलेल्या गेट आउट सिनेमात अमेरिकन ब्लॅक अभिनेता असता तर कसा झाला असता असं जॅक्सन रेडिओवर म्हणाला, ब्रिटनमध्ये वाढलेल्याला इथला अनुभव कुठून असणार असा सूर. कलूयाने उत्तर दिलं की मी काळा आहे हे मला सिद्ध करावं लागतंय याचाच मला राग येतो. दोघांचंही मला पटतं, हेच अवघड आहे. कामं मुळात इतकी कमी की त्यावरून आपसात लागतं. बोयेगाने तेव्हा ट्वीट केलं होतं की या भांडणाला आपल्याकडे वेळ नाही.

कोरा_कागद

घासफूस +१. गप्प बसण्याचा हक्क हे फार आवडलं.

सहज_सुचलं

मी वाचतोय सगळं. एक शंका खरोखर विचारतो. वाकिन फिनिक्स २०२० च्या बाफ्टा या ब्रिटिश सिनेपुरस्कारांच्या सोहळ्यात बोलला होता, त्या वर्षी अभिनयाची सगळी नामांकनं गोऱ्यांना होती. तो स्वतः विजेता म्हणून उभा राहिला आणि म्हणाला की आपण या लोकांना इथे तुमचं स्वागत नाही असा निरोप देतोय, यात मीही दोषी आहे. तो तर सेटबद्दल, स्वतःच्या धंद्याबद्दलच बोलला, पण त्याला कुणी कृतघ्न म्हटलं नाही, उलट कौतुक झालं. गोऱ्या एड स्क्राइनने २०१७ ला हेलबॉय सिनेमा सोडला, मूळ कॉमिक्समध्ये ते पात्र आशियाई वंशाचं आहे हे कळल्यावर, मग ती भूमिका डॅनियल डे किमला मिळाली. त्याचंही कौतुकच. म्हणजे मधली_रांग म्हणतात तसा नियम सरसकट लागू होत नाही.

मधली_रांग

सहज_सुचलं, तुमच्या या प्रतिसादावर मी दिवसभर विचार केला.

बरोबर आहे तुमचं, मी नियम चुकीचा मांडला. नुसतं धंद्याबद्दल बोललं म्हणून राग येत नाही. फिनिक्स बोलला तेव्हा तो दुसऱ्यासाठी बोलला असं लोकांना वाटलं, म्हणून ते मोठेपण ठरलं. बोयेगा तीच गोष्ट बोलला तर तो स्वतःसाठी बोलला, म्हणून ते रडगाणं ठरलं. पण ज्याच्यावर बेतलंय तो स्वतःबद्दल नाही बोलणार तर कोण बोलणार? त्याच्या अनुभवाला साक्षीदार कोण, तर तोच. आणि साक्ष दिली की आपण म्हणणार याचा यात स्वार्थ आहे.

स्क्राइनने मात्र हातातलं काम सोडलं, त्याला मी मनापासून मानते.

आणि डॅनियल डे किमचंच बघा ना. त्याच २०१७ साली तो आणि ग्रेस पार्क हवाई फाइव्ह-ओ या टीव्ही मालिकेतून बाहेर पडले, गोऱ्या सहकलाकारांइतकं मानधन मिळत नव्हतं म्हणून, अशा बातम्या होत्या. त्याने फेसबुकवर अगदी सौम्य भाषेत लिहिलं, सगळ्यांचे आभार मानले आणि म्हणाला की समानतेचा रस्ता सोपा नसतो. चॅनेलने सांगितलं आम्ही चांगली ऑफर दिली होती. आणि त्याच्या पोस्टखाली लोक काय म्हणत होते, तर हावरट. त्या एका उन्हाळ्यात आशियाई भूमिका सोडणारा गोरा अभिनेता थोर आणि बरोबरीचे पैसे मागणारा आशियाई अभिनेता हावरट. दोघांबद्दलच्या बातम्या दोन महिन्यांच्या आत आल्या होत्या.

सहज_सुचलं

हे जोडून कधी बघितलं नव्हतं. मान्य.

निळी_शाई

२०१६ चं ऑस्कर पण आठवा. सलग दुसऱ्या वर्षी अभिनयाची वीसच्या वीस नामांकनं गोऱ्या कलाकारांना. #ऑस्कर्ससोव्हाइट हा हॅशटॅग एप्रिल रेनने २०१५ मध्ये सुरू केला होता, दुसऱ्या वर्षी तो परत उसळला. अभिनेत्री जेडा पिंकेट स्मिथने समारंभाला जाणार नाही म्हटल्यावर चर्चा कशावर झाली, तर नवऱ्याला, म्हणजे विल स्मिथला नामांकन नाही म्हणून जळते यावर. ब्रिटिश अभिनेत्री शार्लट रॅम्पलिंग म्हणाली हा गोऱ्यांवरचा वर्णद्वेष आहे (मग म्हणाली माझं बोलणं चुकीचं घेतलं गेलं), मायकल केन म्हणाला धीर धरा. धीर! हॅटीपासून व्हूपीपर्यंत एक्कावन्न वर्षं धीरच धरला होता की.

आणि त्या रात्री सूत्रसंचालक ख्रिस रॉकने अकादमीला चांगलं सुनावलं, पण मध्येच तीन आशियाई मुलांना मंचावर आणून हिशेबनीस म्हणून त्यांच्यावर विनोद केला. त्यावर अँग ली आणि जॉर्ज टाकेईसकट पंचवीस अकादमी सदस्यांनी निषेधाचं पत्र लिहिलं. ती मुलं लहान होती हो, सूट घालून, हातात ब्रीफकेस घेऊन उभी होती, त्यांना काय कळलं असेल सभागृह का हसतंय ते.

चांदणचुरा

बरेच दिवस नुसता वाचतोय. आज लिहितो, कारण नाही लिहिलं तर बरं वाटणार नाही.

बोयेगाचा दुसरा स्टार वॉर्स सिनेमा लास्ट जेडाय आला तेव्हा मी केली मरी ट्रॅनबद्दल लिहिलं होतं. इथेच, दुसऱ्या धाग्यावर. तिने केलेलं रोज हे पात्र मला आवडलं नव्हतं आणि ते अजूनही फार आवडतं असं नाही, त्याबद्दल मला काही वाटत नाही. पण मी पात्राबद्दल थांबलो नव्हतो. ती दिसायला कशी आहे यावर लिहिलं, ही कुठली हिरॉइन असं लिहिलं, आणि तिला फक्त आशियाई म्हणून घेतलंय असं लिहिलं. बऱ्याच जणांनी हसण्याच्या स्मायली टाकल्या होत्या. मला छान वाटलं होतं तेव्हा.

जून २०१८ मध्ये तिने इन्स्टाग्रामवरच्या सगळ्या पोस्ट काढून टाकल्या. पान पूर्ण रिकामं आणि वर एकच ओळ ठेवलेली, भीती वाटते, तरी करतेय. मी ते पान उघडून बघितलं होतं. ऑगस्टमध्ये तिने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला. त्यात तिने लिहिलंय की लोकांचे शब्द तिला खरे वाटायला लागले होते, कारण ती लहानपणापासून तेच ऐकत आली होती, तिची जागा कडेला आहे, मुख्य गोष्टीत नाही. शेवटी तिने तिचं खरं नाव सांगितलं, लोआन. जन्माचं नाव, पडद्यावर वापरलं नव्हतं ते.

माझा एक प्रतिसाद तिने वाचलेला असणं शक्यच नाही, मराठीत होता. पण तिच्यावर जे आलं ते सगळं माझ्यासारख्याच एकेका प्रतिसादाने बनलेलं होतं.

आणि मग २०१९ ला राइज ऑफ स्कायवॉकर. तिचं रोज हे पात्र सव्वादोन तासांच्या वर असलेल्या सिनेमात मोजून ७६ सेकंद दिसतं. फिन तिला बरोबर ये म्हणतो आणि ती तळावरच थांबते. लेखकाने नंतर कॅरी फिशरच्या जुन्या फुटेजबरोबर तिचे प्रसंग जमत नव्हते असं काहीसं कारण दिलं, असेलही. पण ज्यांनी तिला शिव्या घातल्या त्यांना थिएटरमध्ये बसून काय वाटलं ते मी सांगू शकतो, कारण मी त्यातला होतो. आपलं ऐकलं असं वाटलं.

मधली_रांग

चांदणचुरा, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. सोपं नव्हतं.

घासफूस

चांदणचुरा, वाचून घसा दाटला. तिने पुढे २०२१ मध्ये डिस्नेच्या रायाला आवाज दिला, माझ्या भाचीचा तो सगळ्यात आवडता सिनेमा आहे, तिला यातलं काही माहीत नाही आणि माहीत व्हायचं कारणही नाही.

उजेडवाला

एक बदल झालाय तोही नोंदवायला हवा. मे २०२२ ला ओबी-वान केनोबी सिरीज आली, त्यातली ब्लॅक अभिनेत्री मोझेस इंग्रमला लगेच शेकडो घाणेरडे मेसेज. पण तिने आधीच एका मुलाखतीत सांगितलं होतं की असं होऊ शकतं आणि झालं तर आम्ही तुझ्याबरोबर आहोत हे स्टुडिओने तिला अगोदर बसवून सांगितलंय. आणि खरंच स्टार वॉर्सच्या अधिकृत अकाउंटवरून उघड शब्दांत उत्तर गेलं, सिरीजचा नायक यूएन मॅकग्रेगरने कॅमेऱ्यासमोर बसून सांगितलं की तिला असे मेसेज पाठवणारा माझ्या लेखी स्टार वॉर्सचा चाहता नाही. दुसऱ्याच दिवसाच्या आसपास, एकोणपन्नास वर्षांनी नाही.

इंग्रम स्वतः काय म्हणाली ते मात्र जास्त लागलं मला. मेसेज थांबवता येणार नाहीत हे तिला माहीत होतं, पण तोंड बंद ठेवून हसत सोसायचं असतं असं आपल्या मनात जे बसवलं गेलंय त्याचा त्रास होतो, असं ती म्हणाली.

निळी_शाई

आणि त्यावर बोयेगाला विचारलं होतं! तो म्हणाला मी सुरुवात केली तेव्हा हा विषय काढताही येत नव्हता. मोझेसचं रक्षण होतंय हे बघून मलाही माझं रक्षण झाल्यासारखं वाटतं.

सहज_सुचलं

हे वाक्य माहीत नव्हतं. आठ वर्षांनी दुसऱ्या कुणाला तरी मिळालं त्यात तो समाधान मानतोय. मी जीक्यूची ती मुलाखत तेव्हा पूर्ण वाचली नव्हती, फक्त हेडलाइनवरून मत बनवलं होतं. आज वाचतो.

चांदणचुरा

माझा तो जुना प्रतिसाद शोधून काढला. संपादन करायची मुदत केव्हाच संपलीये, काढताही येत नाही. म्हणून त्याच्याखाली नवा प्रतिसाद लिहून आलोय, तिच्या लेखातल्या शेवटच्या नावासकट. धागा त्यामुळे वर येईल, कुणाला प्रश्न पडला तर इथली लिंक द्या.